पिवळा ठिपका

गिऱ्हाइकं मिस्त्रीला कानसेन म्हणत, आणि मिस्त्रीला ते मनापासून आवडे. वर "कसलं काय, उगाच आपलं" असं म्हणायची त्याची रीत होती, पण तेव्हाही तो मिशीतल्या मिशीत हसत असे. चाळीस वर्षं त्याने जुन्या गाड्यांची दुखणी कानाने ओळखली होती. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे, आणि सांगून टाकायचं. त्याचं निदान चुकलं असं म्हणणारा अजून कोणी भेटला नव्हता.

त्या दुपारी घड्याळजी आपली गाडी घेऊन आले. गाडी त्यांच्याहून दहाच वर्षांनी लहान, आणि दोघांत तब्येत गाडीचीच बरी. दर रविवारी तिच्यात बसून ते धाकट्या बहिणीकडे जेवायला जात. गेले दोन रविवार गेले नव्हते.

"टिकटिक करतेय," ते म्हणाले. "इंजिन गेलं असेल तर तसं सांगा. मग मी बहिणीला कळवतो, आता तूच येत जा म्हणून."

मिस्त्रीने इंजिन चालू करायला लावलं, स्क्रूड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले. खालचा जड घुमारा त्याला स्वच्छ ऐकू आला. ठोका नाही, खडखड नाही. त्याने वर, झाकणावर टेकवून पाहिलं. तिथे तर काहीच नव्हतं.

"ठणठणीत आहे हो," तो म्हणाला. "दिवसभर शंभर घड्याळांत बसता, मग रात्री उशीसुद्धा टिकटिकत असेल तुमची."

"मिस्त्री, पंचावन्न वर्षं मी टिकटिकीवर पोट भरलंय. मला शिकवता होय?"

मिस्त्रीची लेक पलीकडच्या गाडीखालून बाहेर आली. चौदा वर्षं ती बापाबरोबर गॅरेज चालवत होती, आणि एरवी तिच्या तोंडाचा पट्टा बंद म्हणून नसे. आता ती नुसती हात पुसत उभी राहिली. चालू इंजिनाकडे बघेना, बापाकडेही बघेना.

"बाबा, ऑईल काढून बघू या का?" ती जरा वेळाने म्हणाली.

"काढ. घड्याळजींच्या मनाची शांती होऊ दे एकदा."

तिने इंजिन ऑईल पांढऱ्या परातीत उतरवलं आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलं. फडक्यावर चमचमणारा कीस राहिला. चिमूटभरच होता, पण ऑईलमध्ये चिमूटभर धातू म्हणजे कुठेतरी काहीतरी खाल्लं जातंय. घड्याळजींनी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. "टोकदार आहे," ते म्हणाले.

मग मिस्त्रीने लोहचुंबक कागदात गुंडाळून फडक्यावरून फिरवलं. कीस झाडून सगळा उठला. म्हणजे लोखंड. बेअरिंगचा मऊ धातू चुंबकाला भीक घालत नाही, तेव्हा खालची बेअरिंगं संशयातून सुटली. तेवढं तरी त्याच्या कानाने बरोबर सांगितलं होतं. इंजिन गेलं नव्हतं. झीज वरच्या कामात असणार, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमला आणि टॅपेटना. आणि तिथे झीज असेल तर तिथे आवाज असणार. चांगला खणखणीत आवाज.

तो त्याला ऐकू आला नव्हता.

"झाकण उघड," तो लेकीला म्हणाला.

झाकणाखाली आठ व्हॉल्व्हचे आठ नट ओळीने बसले होते, आणि आठांवर एकेक पिवळा ठिपका होता. हा नियम मिस्त्रीनेच घातलेला. लेक कामाला लागली त्या वर्षी त्याने रंगाच्या दोन छोट्या बाटल्या आणल्या, पिवळी त्याची आणि लाल तिची. टॅपेटची फट ज्याने सेट केली त्याने नटावर आपला ठिपका द्यायचा. ज्याचा हात त्याचा रंग, मग उद्या कोणी कोणावर ढकलायचं नाही. पहिल्याच वर्षी तिचा एक लाल नट ढिला निघाला होता. तेव्हा मिस्त्रीने तिला गिऱ्हाइकासमोर उभं करून "हा माझा हात" असं म्हणायला लावलं होतं. पोरगी तेव्हा घरी जाऊन जेवली नव्हती.

हे पिवळे ठिपके मात्र अखंड होते. नट आपोआप फिरला असता तर रंगाला चीर गेली असती.

"पत्ती दे," मिस्त्री म्हणाला. फट मोजायच्या पातळ पत्त्यांचा जुडगा, फिलर गेज, प्रत्येक मेकॅनिककडे असतो. मिस्त्रीचा स्वतःचा कुठल्या खणात गंजत होता देव जाणे. पत्ती नवशिक्यांना, असं तो म्हणे. तो इंजिन चालू ठेवून टिकटिक ऐकू येईपर्यंत स्क्रू ढिला करायचा, मग केसभर आवळायचा, की झालं.

"थांबा, मी आणते," लेक घाईने म्हणाली, पण तोवर तो तिच्या डब्याशी पोचला होता. डब्यात जुडगा होता, लाल बाटली होती, आणि शेजारी एक पिवळी बाटलीही होती. जुडग्यातल्या पंचवीस नंबरच्या पत्तीच्या कडेला पिवळा रंग वाळलेला होता.

तो जुडगा घेऊन परत आला. इथे फट पंचवीसची, म्हणजे पाव मिलिमीटरची हवी. पहिल्या व्हॉल्व्हवर पंचेचाळीसची पत्ती हलवावीही न लागता आत गेली. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर आणि सहाव्यावर तर त्याहून जास्त, कारण तिथे कॅम खरोखरच खाल्ला गेला होता. झीज दोन ठिकाणी आणि ढिलाई आठही ठिकाणी. इतक्या फटीत भाग एकमेकांवर आपटत राहिले, आणि त्या आपटण्याचा चुरा फडक्यावर पडला होता.

"जुनं इंजिन आहे, घड्याळजी," लेक पटकन म्हणाली. "झिजतं असं. कोणाचा दोष नाही."

घड्याळजींनी मान डोलावली. त्यांना पटलंही होतं. मिस्त्रीने नुसतं हो म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. त्याला लाज वाटत होती, आणि लाजेहून जास्त राग येत होता. कोणाचा, ते मात्र कळत नव्हतं. त्याने हात पुसले, मग पुसलेलेच हात पुन्हा पुसले.

"दोष आहे," तो म्हणाला. "हा पिवळा माझा. सहा महिन्यांपूर्वी ही मीच सेट केली, कानाने. आणि मला ती टिकटिक ऐकू येत नाही, घड्याळजी, म्हणून ढिली करतच गेलो. आत्ताही आली नाही. हा माझा हात."

लेकीने खाली बघितलं. घड्याळजींनी भिंग खिशात ठेवलं.

"मीही बायकांची बारीक घड्याळं घेणं बंद केलंय," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाला सांगतो, सुटे भाग मिळत नाहीत. तुम्ही निदान खरं बोललात. इंजिन वाचेल ना?"

"वाचेल. कॅम नवा घालू, तो माझ्याकडून. दोन रविवार द्या."

"दिले. माझे डोळे आणि तुमचे कान वजा केले, तरी दोघांत मिळून एक धड म्हातारा उरतो," असं म्हणून घड्याळजी पायीच निघून गेले.

गॅरेजात दोघंच राहिली. मिस्त्री स्टुलावर बसला.

"ती पिवळी बाटली कोणाची?"

लेक परातीतलं ऑईल उगाच ढवळत होती. "माझी."

"तुझा रंग लाल."

"तुम्ही दुपारी आडवे होता ना बाबा, तेव्हा..." ती थांबली. "तेव्हा मी पत्ती लावून घेते. तुम्ही सेट केलेल्या गाड्यांना. मग परत तुमचा ठिपका देते."

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं."

"किती गाड्या?"

"सव्वीस."

दीड वर्ष लोक त्याला कानसेन म्हणत होते आणि तो मिशीत हसत होता. मिस्त्रीने ते सगळं डोळ्यांपुढून जाऊ दिलं.

"मग ही कशी राहिली?"

"त्या आठवड्यात मला ताप होता."

तो उठला आणि उघड्या इंजिनावर फडकं टाकून घरी गेला. त्या दिवशी मिस्त्री जेवला नाही.

दोन आठवड्यांनी नवा कॅम बसला. टॅपेटची फट मिस्त्रीनेच सेट केली, पंचवीसची पत्ती घालून. पत्ती ओढताना हाताला लागणारा अडसर त्याला बरोबर कळत होता. बोटं अजून शाबूत होती. आठवा नट आवळून झाल्यावर लेकीने पिवळी बाटली पुढे केली.

"लाल दे."

"बाबा, हात तुमचा आहे."

"ऐकणार तू आहेस. लाल दे म्हटलं ना."

तिने लाल दिली. आठही ठिपके त्याने स्वतः दिले, नीट, सावकाश. मग गाडी न्यायला आलेल्या घड्याळजींनी किल्ली फिरवली. इंजिन चालू झालं. मिस्त्रीने भिंतीवरचा लांब स्क्रूड्रायव्हर काढला, सवयीने कानापर्यंत नेला, आणि लेकीच्या हातात दिला. तिने तो इंजिनावर टेकवून डोळे मिटले. मिस्त्री तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.