मधल्या अक्षराचा भार

“तोंडात पाव कोंबलाय का हिच्या?” एर्सिलिया माझ्या कानाशी कुरकुरली. मग मोठ्याने, “नुन्त्सिया, फि-ल्यो-लो! तीन तुकडे. ‘ल्यो’ फोडायचा नाही, आणि सगळा भार त्याच्यावर.” तिने टेबलावर तीन ठोके दिले. मधल्या ठोक्याला कॉफीचे कप हलले.

गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत मारियामातेचा विलाप आम्ही बायका गातो. चर्चमागच्या खोलीत त्याची तालीम चालली होती. ‘फील्यो’ म्हणजे मुलगा. पण चालीत एक ठोका उरतो, म्हणून आमच्या पणज्यांनी शब्दाला शेपूट जोडलं. मुलाचं लेकरू झालं आणि पहिल्या अक्षरावरचा भार मधल्यावर सरकला. सूर लांबवायचा तो तिथेच.

हा शब्द येतो ती ओळ एकटीने गायची, आणि जिने मुलगा गमावलाय तिनेच. आजवर फिलोमेनाकाकी गायची. ती या हिवाळ्यात गेली.

त्याच्या थोडं आधी एर्सिलियाच्या मुलाची, रुज्जेरोची होडी परतली नाही. फळ्या सापडल्या, तो नाही. तेव्हापासून गावाला बोलायचं वळणच पडलं: ‘रुज्जेरो आला की...’ बेकरीवाला तसं बोलतो, पाद्रीही तसंच. परवा मीसुद्धा तिला म्हटलं, रुज्जेरो आला की खिडकी दुरुस्त करून घे. ती हो म्हणाली. काय करणार बिचारी, आम्हाला सांभाळून घेत असेल.

ओळ तिला द्यायची तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून पाद्र्याने ती नुन्त्सियाच्या गळ्यात घातली. नुन्त्सियाचे दोन्ही मुलगे धडधाकट, बंदरावर कामाला.

“पुन्हा,” एर्सिलिया म्हणाली.

नुन्त्सियाने सुरुवात केली. ‘फि’ आला, आणि पुढचं सगळं तिने गिळून टाकलं.

“अगं, पोरांना जेवायला हाका मारतेस तेव्हा अख्खं बंदर दणाणतं. इथेच काय होतं तुला?”

कुणीतरी हसलं, लगेच गप्प झालं.

“घसा बसलाय,” नुन्त्सिया म्हणाली.

“बडीशेपेचं पाणी पी. चल, मी बरोबर मोजते.” एर्सिलियाने तिचा हात धरून टेबलावर ठेवला आणि तिच्याच बोटांनी ठोके द्यायला लागली. “फि...”

नुन्त्सियाने हात ओढून घेतला. “नाही जमणार मला.”

“गेली वीस वर्षं माझ्या शेजारी उभी राहून गातेस, आणि जमत नाही?”

“दुसऱ्या कुणाला तरी सांग.”

“कुणाला?” एर्सिलियाने आमच्याकडे पाहिलं. मी माझ्या शालीची गाठ सोडून पुन्हा बांधली. “ही नाही म्हणते, ती खाली बघते. एका शब्दापायी मिरवणूक अडवायची का? कारण तरी सांग की गं!”

नुन्त्सिया रडायला लागली होती. “माझे दोघे जिवंत आहेत, एर्सिलिया.”

एर्सिलियाची बोटं टेबलावर तशीच राहिली.

“आणि माझा नाही,” ती म्हणाली.