कांशाच्या वाटीची घंटी

गंगारामने दोन्ही तारांची टोकं जिभेवर टेकवली. आंबट चटका बसला, तशी त्याने मान हलवली.

"म्हंजे बरण्यांत खोट नाय," रघू म्हणाला. कल्हईला आणलेली पातेली पायाशी ठेवून तो शेडच्या दारात बसला होता. "मग सकाळी घंटी वाजली कशी नाय?"

"तेच बघतोय."

काचेच्या बरण्यांत नवसागराचं पाणी होतं, त्यात जस्ताची कांडी आणि कोळशाची पट्टी. नवसागर कल्हईसाठी घरात असायचाच. तारेचं भेंडोळं मुंबईच्या एका ओळखीच्या खलाशाने आणून दिलं होतं. बाकी सगळं गंगारामने स्वतः जुळवलं होतं. लोखंडी खिळ्यावर तार गुंडाळली होती आणि खिळ्यासमोर जुन्या घड्याळाच्या कमानीची पट्टी बसवली होती. वीज आली की खिळा पट्टीला ओढून घेई. ओढली गेली की पट्टीचा तारेशी स्पर्श तुटे, वीज थांबे, पट्टी मागे येई आणि पुन्हा ओढली जाई. अशी ती थरथरत राही, आणि तिच्या टोकाची शिशाची गोळी कांशाच्या वाटीवर आपटत राही.

बसवली त्या दिवशी त्याने घरातून बटण स्वतः दाबून पाहिलं होतं. अंगणापलीकडे शेडमध्ये वाटी खणखणली होती. आळीतली पोरं गोळा झाली, तेव्हा त्याने त्यांना पट्टीची गंमत दोनदोनदा समजावून सांगितली होती.

घंटी त्याच्या बायकोसाठी, सगुणासाठी होती. तिचा दमा आता वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी अंगणात येऊन हळू आवाजात सांगितलं होतं. धाप लागली की तिला हाक मारता येत नसे. लगेच उठवून बसवलं, दम्याच्या औषधी भुकटीचा धूर दिला, तर श्वास परत येई. उशीर झाला तर सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तिच्याजवळ बसून काम करावं तर कल्हईचा पांढरा धूर तिला सोसत नव्हता, आणि कल्हई सोडावी तर दोघांच्या पोटाला दुसरं काही नव्हतं.

आज सकाळी तो पाणी प्यायला म्हणून सहज घरात गेला. सगुणाचे ओठ जांभळे पडले होते. उठवून धूर दिला, तेव्हा कुठे श्वास परत आला. घंटी वाजली नव्हती.

त्याने पट्टीचं टोक घासून लख्ख केलं. स्क्रू अर्धा फेरा आत घेतला, मग बाहेर घेतला. मग शिडी लावून तार तपासत निघाला. वाशावर उंदराने सुताचं वेष्टण कुरतडलं होतं, पण तांबं शाबूत होतं. चौकटीपाशी सांध्याला हिरवा गंज धरला होता. तो खरवडून त्याने तार पुन्हा पिळली. मात्र तेवढ्या गंजाने वीज अडली नसती, हे पिळतानाच त्याला कळत होतं.

असा तो सगुणाच्या खाटेपर्यंत आला.

"बघू बटण," तो म्हणाला. "दाबलं होतंस ना नीट?"

"हो."

लाकडाच्या ठोकळ्यावर बसवलेलं ते पितळी बटण त्याने खिडकीशी धरलं. बसवताना चिंचेने घासून त्याने ते सोन्यासारखं केलं होतं. खाऱ्या वाऱ्याने त्यावर आता मळकट साय धरली होती. साय अखंड होती. कुठेही बोटाचा ठसा नव्हता.

तो खाटेच्या कडेवर बसला.

"एकदाही दाबलं नाहीस तू."

सगुणा पांघरुणाची कड बोटांनी मुडपू लागली.

"शेडमध्ये चार गिऱ्हाइकं असतात म्हणून? त्यांच्यासमोर नवऱ्याला कसं बोलवायचं, म्हणून?"

तिने मान हलवून नाही म्हटलं. श्वास पुरवत पुरवत ती बोलली.

"बोटीवरचं तुम्हीच सांगायचात. तोंडात घास असायचा, अन् घंटी वाजायची. घास थुंकून धावायचात."

गंगाराम हसला. बारा वर्षं आगबोटीवर साहेबांच्या केबिनींचा तो बॉय होता. घंटी उघडून दुरुस्त करायची कशी, हे तिथल्याच वायरमनने त्याला शिकवलं होतं.

"वेडी आहेस. ती साहेबाची घंटी होती. ही तुझी. बोट सुटून किती वर्षं झाली, मला आठवत पण नाय ते."

"खरंच?"

"देवाशप्पथ. आता असं कर, मी शेडमध्ये जातो. कामाला लागतो. तू वाटेल तेव्हा दाब. एकदा वाजव, म्हणजे तुझी भीड जाईल आणि माझा जीव भांड्यात पडेल."

तिने बटण हातात घेतलं.

तो शेडमध्ये आला. भाता मारून निखारे फुलवले, रघूचं पातेलं त्यावर धरलं. रघू आंब्याच्या मोहोराबद्दल बोलू लागला. यंदा मोहोर काळा पडलाय, असं म्हणाला. गंगारामने कापसाचा बोळा नवसागरात बुडवून पातेल्याच्या पोटाला लावला. धूर उठला. घंटीचा त्याला विसर पडला असावा.

वाटी खणखणली.

पातेलं हातातून सुटून निखाऱ्यावर आदळलं. गंगाराम ताठ उभा होता. एक हात सदऱ्याची वरची गुंडी शोधत होता.

"येस सर!" तो ओरडला.

रघू मांडीवर थाप मारून हसला. "अवो गंगारामभाऊ, साहेब कुठला आणलाव आता?" मग त्याने गंगारामच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पातेल्याकडे बघू लागला.

घंटी केव्हाच थांबली होती.

गंगाराम घरात गेला. सगुणा भिंतीकडे तोंड करून पडली होती. बटण खाटेखाली, हाताला लागणार नाही असं ठेवलेलं होतं.

"चांगली वाजली," तो म्हणाला.

"ऐकलं मी."

तिच्या पाठीवर हात ठेवावा म्हणून तो वाकला. तिची पाठ हलत होती. ती धाप नव्हती. त्याने पांघरूण तेवढं खांद्यापर्यंत ओढलं.

शेडमध्ये परत येऊन त्याने घागर उचलली आणि निखाऱ्यांवर पाणी ओतलं.

"अवो, माझी पातेली?" रघू उठून उभा राहिला.

"बाजारात दुसरा बघ कोणी."

"आज नाय, तर उद्या येतो."

"उद्या पण नको."

रघूने एक काळं, एक अर्धं उजळलेलं अशी दोन्ही पातेली फडक्याने धरून उचलली. जाता जाता तो थांबला.

"घंटीतली खोट सापडली काय पण?"

"सापडली," गंगाराम म्हणाला, आणि खाली बसून भात्याची नळी सोडवू लागला.