वाकडा टाका

गाडी चौथ्यांदा तापली तेव्हा शिंपीकाका शाळेजवळच्या चढावर होते आणि मागचे लोक हॉर्न वाजवून दमले होते. बॉनेटमधून वाफ निघत होती. काकांनी काच खाली केली, हात बाहेर काढला आणि एकेकाला अदबीने पुढे जायची खूण केली, जणू काही हे सगळे आपल्याच घरी आलेले पाहुणे होते.

गाडी बायकोची. चाळीस वर्षं काका दुकानात कापत-शिवत आले आणि कापड आणणं, तयार कपडे पोचवणं हे तिच्याकडे. काका गाडीत बसले तर शेजारच्या सीटवर, मांडीवर इस्त्रीचा कोट आडवा घेऊन. "कापडाचं तुम्ही बघा, गाडीचं मी बघते," असं तिने पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं आणि दोघांनी एकमेकांच्या कामात कधी नाक खुपसलं नाही. तिच्याच हट्टामुळे काकांनी लायसन्स काढलं, तेही काढून कपाटात ठेवून दिलं.

ती भर थंडीत गेली. महिनाभर गाडी दारात उभी राहिली. काका येता-जाता गाडीकडे बघायचे. एक दिवस त्यांनी कपाटातून लायसन्स काढलं आणि जाऊन बायकोच्या जागेवर बसले. सीट पुढे ओढलेली होती. काकांचे गुडघे स्टिअरिंगला लागत होते, तरी आठवडाभर त्यांनी ती मागे सरकवली नाही.

चढावर अडकल्याचं लेकीला कळलं आणि तिचा फोन आला.

"बाबा, आता बास झालं. रविवारी एक जण गाडी बघायला येतोय."

"अगं, दुरुस्त होईल की."

"तीनदा झाली दुरुस्त. भर रस्त्यात बंद पडून तुम्हाला काही झालं म्हणजे? मला इथे झोप लागत नाही."

यावर काका काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत की लेक विरघळते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"बरं, असं करा," ती म्हणाली. "शनिवारी संध्याकाळपर्यंत गाडी घेऊन माझ्याकडे या. टेकडीचा चढ चढून. तापमानाचा काटा मध्यावर राहिला तर मी त्या माणसाला नको म्हणून सांगते. लालवर गेला तर तुम्ही गुपचूप कागदांवर सही करायची."

"शनिवारी येतो."

"शनिवारी म्हणजे शनिवारी. गिऱ्हाइकांना सांगता तसा शनिवार नाही."

शनिवारी सकाळी काका गॅरेजमध्ये हजर झाले. मिस्त्री माणूस जाडजूड आणि तोंडाने मोकळा, पण या गाडीपुढे तोही जरा ओशाळला होता. पहिल्या खेपेला त्याने थर्मोस्टॅट बदलला होता, दुसऱ्या खेपेला फुगलेला पाइप, तिसऱ्या खेपेला रेडिएटरचं झाकण आणि आतलं सगळं पाणी. दर वेळी गाडी गॅरेजच्या आवारात शहाण्यासारखी वागायची आणि चढ आला की डोकं फिरल्यासारखी तापायची.

"काका, एक विचारू? रागावू नका. तुम्ही कुठल्या गिअरमध्ये चालवता?"

"चढाला पहिला. एरवी दुसरा."

"तिसऱ्याने तुमचं काय घोडं मारलंय?"

"त्याची माझी अजून ओळख नाही."

मिस्त्री हसला, पण त्याने मान हलवली. "नुसतं त्याने एवढी तापणार नाही. पाण्याचा पंप खोलून बघावा लागेल. दोन दिवस गाडी ठेवा."

दोन दिवस म्हणजे सोमवार. रविवारी गिऱ्हाईक. काकांनी स्टूल ओढलं आणि दुकानात गिऱ्हाइकासमोर बसायचे तसे बसले.

"मिस्त्री, आमच्याकडे माणूस येतो, म्हणतो कोट आवळतोय. आम्ही लगेच उसवायला घेत नाही. आधी विचारतो, कधीपासून आवळतोय? तुम्ही मला तीनदा विचारलंत गाडी कुठे तापते. कधीपासून, ते विचारलंच नाही."

"मग सांगा. कधीपासून?"

काकांनी आठवून बघितलं. "थंडीभर एकदम ठणठणीत होती. आम्ही स्वेटर काढून ठेवले आणि हिला ताप आला."

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. "म्हणजे बाहेर गार होतं तोवर निभावलं. ऊन वाढलं तसं जमेना. पंपाचं मग बघू. आधी हिला हवा मिळते का ते बघू या."

त्याने गाडी सुरू केली. इंजिन गरम होऊन रेडिएटरचा पंखा फिरायला लागला तसा त्याने फळीवरचा वर्तमानपत्राचा कागद घेतला आणि गाडीच्या पुढच्या जाळीवर धरून सोडला. "पंखा हवा आत ओढतो. कागद जाळीला चिकटून राहिला पाहिजे."

जाळीच्या खालच्या भागावर कागद चिकटला. वरच्या भागावर धरला तर घसरून मिस्त्रीच्या चपलेवर पडला. परत धरला, परत पडला.

"आडवं काहीतरी आलंय," मिस्त्री म्हणाला. त्याने इंजिन बंद केलं, जाळीचे चार स्क्रू काढले आणि आत बॅटरी मारली. रेडिएटरच्या पुढे, वरच्या अर्ध्या भागावर, काळं काहीतरी बसवलेलं होतं. चारी कोपऱ्यांना नाड्या होत्या आणि त्या घट्ट बांधलेल्या होत्या.

"अहो, हे मी तिन्ही वेळा बघितलंय. मला वाटलं कंपनीनेच दिलंय." त्याने नाड्या सोडून ते बाहेर ओढलं. आत पुठ्ठा होता आणि त्यावर काळ्या कापडाची खोळ. "थंडीत लावतात लोक, इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून. ऊन पडायला लागलं की काढायचं असतं. पण लोक नुसता पुठ्ठा खोचतात. याला तर कपडे घातलेत. काका, कबूल करून टाका."

"मी असं शिवलं असतं तर दुकान पहिल्याच वर्षी बंद पडलं असतं," काका म्हणाले.

त्यांनी ती खोळ हातात घेऊन उजेडात धरली. एक टाका लांब, एक आखूड, मग तीन एकावर एक, आणि कोपऱ्यात दोरा वाट चुकल्यासारखा फिरून परत आलेला. शिंप्याच्या घरात राहून इतकं वाकडं शिवणारी एकच बाई होती. शर्टाचं बटण लावायला दिलं तर ती शर्टाबरोबर स्वतःचा पदरही शिवून ठेवायची.

दरवर्षी थंडी सरली की एका सकाळी ती चहा अर्धा टाकून बाहेर जायची. विचारलं तर म्हणायची, गाडीचं काम आहे. काकांनी कधी पुढे विचारलं नव्हतं.

त्यांनी कापडावरून अंगठा फिरवला. कापड ओळखीचं होतं. मग ते एकदम हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायची वेळ आली, तरी थांबेनात.

"काय झालं?" मिस्त्रीने घाबरून विचारलं.

"ही माझी हरवलेली छत्री आहे. सहा वर्षं मी जावयावर आळ घेतोय."

दुपारी टेकडीच्या पायथ्याशी काकांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. मिस्त्रीने बजावल्याप्रमाणे, चढ सौम्य होता तिथे तिसरा गिअर टाकून बघितला. गाडीने तक्रार केली नाही. काटा मध्यावर आला आणि तिथेच बसून राहिला. वळणावर ते रस्त्यापेक्षा काट्याकडेच जास्त बघत होते, म्हणून एका सायकलवाल्याने त्यांना दोन शब्द सुनावले. काकांनी ते मान लववून ऐकून घेतले.

लेक दारातच उभी होती. तिने आधी खिडकीतून डोकं घालून काटा बघितला, मग बॉनेटवर हात ठेवून बघितलं, मग घड्याळ बघितलं.

"शनिवार आहे," काका म्हणाले. "आणि अजून उजेड आहे."

त्यांनी शेजारच्या सीटवरून ती खोळ उचलून तिच्या हातात दिली. लेकीने ती उलटून बघितली. कोपऱ्यातल्या टाक्यापाशी तिचं बोट थांबलं.

"आईने शिवलंय."

"दुसऱ्या कोणाला जमणार आहे?"

तिने खोळ काखेत धरली. मग फोन घेऊन आत गेली आणि बाहेर ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "नाही, उद्या येऊ नका. गाडी विकायची नाही."

तेवढ्यात जावई बाहेर आले. काका त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"जावईबापू, छत्री सापडली."

"मी सहा वर्षं हेच सांगत होतो, की मी नेली नाही."

"चुकलो. तुम्हाला एक कोट शिवून देतो."

"कधी?"

"शनिवारी," काका म्हणाले, तशी आतून लेक हसली.

निघताना ती खोळ घेऊन परत आली. "बाबा, एका बाजूने उसवायला लागलीय. नीट शिवून ठेवा ना. पुढच्या थंडीत लागेल."

"लावायची कधी, काढायची कधी, ते आता मी बघीन," काका म्हणाले आणि त्यांनी ती मांडीवर कोट ठेवायचे तशी शेजारच्या सीटवर आडवी ठेवली. "शिवणीला मात्र मी हात लावणार नाही. गाडीचं काम तिचं."