पेटीवरचं नाव

उजैरला जाऊन वर्ष होत आलं होतं, तरी त्याच्या ईमेलवरून उत्तरं जात होती. ती त्याची धाकटी बहीण सबीहा देत होती.

धुळ्यातली नोकरी सांभाळून उजैर एक बिनपैशाचं काम करायचा. मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्राम दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेला. तो लिनक्सवर, म्हणजे विंडोजसारख्याच पण फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर, विनासायास बसावा म्हणून हा त्याचं पॅकेज बांधायचा. लिनक्स बदललं की पुन्हा बांधायचं, तपासायचं, डिजिटल सही करून पाठवायचं. अमळनेरच्या अंध मुलांच्या एका वसतिगृहातले कॉम्प्युटर त्या पॅकेजवरच बोलत, आणि हे धुळ्यात कुणाच्या गावीही नव्हतं.

वडील जब्बारभाई पत्र्याच्या पेट्या करायचे. "वस्तू दुसऱ्याची, पेटी माझी," असं उजैरने त्यांना समजावलं होतं. तो गेल्यावर दर जुम्म्याला नमाजहून आले की ते सबीहाला त्या पॅकेजचं इंटरनेटवरचं पान उघडायला लावत. इंग्रजी वाचता येत नसे, पण पॅकेज सांभाळणाऱ्याच्या ओळीतली पोराच्या नावाची अक्षरं त्यांना नजरेने पाठ होती.

सबीहाने काही ठरवून खोटं केलं नव्हतं. उजैर अपघातात गेला, त्याच्या चौथ्या दिवशी त्याच्या ईमेलवर पॅकेजमधल्या बिघाडाचं पत्र आलं. भावाकडूनच शिकलेली ती; तिने दुरुस्ती केली, त्याचीच सही वापरली, आणि 'तो गेला' हे लिहवेना म्हणून खाली त्याचं नाव टाकलं. पुढे ते अंगवळणी पडलं. अशा सात दुरुस्त्या झाल्या.

आता सहीची मुदत संपत होती. उजैरने व्हिडिओवर येऊन ओळख पटवावी, नाहीतर पॅकेज बेवारस धरून लिनक्सच्या पुढच्या आवृत्तीतून वगळू, असं लिनक्स सांभाळणाऱ्या मंडळींचं पत्र आलं. खरं सांगावं तर त्या ओळीतून भावाचं नाव जाणार; गप्प बसावं तर अमळनेरचे कॉम्प्युटर मुके होणार. पंधरा दिवस तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

शेवटी ती दुकानात गेली आणि अब्बांना सगळं सांगून टाकलं. जब्बारभाई एका जुन्या पेटीचा सडलेला तळ बदलत होते. झाकणावर कुणा दुसऱ्याच कारागिराचं नाव ठोकलेलं होतं. हातोडी ठेवून त्यांनी त्या नावावरून अंगठा फिरवला. मग घरच्या अहिराणीत म्हणाले, "दुरुस्त करनारा जुनं नाव घशीसन काढस का, बेटी? ते तसंच ऱ्हास. आपलं येगळं लावानं."

तिथेच स्टुलावर बसून तिने मोबाइलवर लिहिलं, की माझा भाऊ उजैर गेला, वर्षभर त्याच्या नावाने मीच लिहीत होते, माफ करा, आणि विश्वास वाटला तर हे काम मला द्या.

दोन दिवसांनी उत्तर आलं. त्यांनी दुःख कळवलं होतं. तिचं काम काही दिवस दुसरं कुणी तपासणार होतं, पण पॅकेज तिच्याकडे आलं. जुन्या नोंदी मात्र कुणी खोडत नाही, त्या तशाच राहतील, असंही त्यांनी लिहिलं होतं.

जुम्म्याला ओळीतली अक्षरं बदललेली जब्बारभाईंना लगेच कळली. सबीहाने जुन्या नोंदी उघडल्या. ओळीमागून ओळ उजैरचं नाव खाली खाली जातच राहिलं.

"त्याना हातनं शेवटनं कोनतं?" त्यांनी विचारलं.

सबीहाने त्या नावाच्या वरच्या सात, तिनेच लिहिलेल्या ओळी मोजून सोडल्या आणि त्यांचं बोट आठव्या ओळीवर ठेवलं. जब्बारभाईंनी ते बराच वेळ उचललं नाही.