परेडची चटई

"आधी चटई, मग बाकीचं," असं आई माझ्या लहानपणी म्हणायची. थीम पार्कातली परेड बघायला रस्त्याकडेला बसायची जागा धरायची, तर चटई हवीच. आज लेकीला, नानोला, त्याच पार्कात न्यायचं म्हणून मी तिसऱ्यांदा पिशवी भरत होते. आठवडाभर नवरा काहीतरी लपवत होता, तेच डोक्यात घोळत होतं.

"अगं चिगुसा, घरच उचलून नेतेस का?" तो म्हणाला.

"बरं, रेनकोट राहू देत. जूनमध्ये पावसात पुन्हा जाऊच की तिघं, तेव्हा घेऊ."

माझ्याकडे न बघता तो रेनकोटाच्या घड्या घालू लागला. मी टॉवेल घातला, काढला, पुन्हा घातला.

"तात्सुरो, बोल ना रे!"

"एप्रिलपासून पार उत्तरेला, साप्पोरोला बदली झालीय. बदली झाली की ऑफिसातले सगळे घरच्यांना मागे ठेवून जातात, तसा एकटाच जाणार, नानोची शाळा आहे ना. जूनमध्ये मी नसेन गं."