डोहाईच्या मासोळ्यांचा उपास

विष्णुपंत पाठकांनी जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. त्यातलं पोरांना काय कळलं ते पोरांनाच ठाऊक. निवृत्तीनंतर मात्र त्यांनी एकच थाप मारली आणि ती अख्ख्या अकोले तालुक्याला कळली. आपलं यशस्वी अध्यापन तेवढंच, असं ते स्वतःच सांगत.

झालं असं, की गावाजवळच्या विजेच्या धरणाखाली एक डोह होता आणि त्यात थोडेसे महाशीर मासे उरले होते. पावसाळ्यात पोटात अंडी घेऊन नदीच्या वरच्या अंगाला जायचं, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. ती वाट धरणानं अडवली, आणि उरलेसुरले मासे पाण्यात उडवलेल्या जिलेटिनच्या कांड्यांनी मरत होते. विष्णुपंतांनी पत्रकं वाटली. शाळेत व्याख्यान दिलं, त्यात मुख्याध्यापकच घोरले. मग एके दिवशी पारावर बसून त्यांनी ठोकून दिलं, "डोहाई देवी स्वप्नात आली होती. म्हणाली, हे मासे माझे."

कांड्या तिथल्या तिथे बंद झाल्या. विष्णुपंत स्वतःवर इतके खूश झाले, की पुढचं काही त्यांना दिसलंच नाही. डोहावर घाट झाला, लंकाबाईनं पेढ्या-चुरमुऱ्यांचं दुकान थाटलं, शिर्डीहून परतणाऱ्या गाड्या वाट वाकडी करून थांबू लागल्या. मासे बाळसं धरू लागले.

दरम्यान खेटे घालून घालून त्यांनी धरणाच्या कडेला माशांसाठी दगडी पायऱ्यांची शिडी मंजूर करून आणली. वरचं पाणी पायरीपायरीनं खाली यायचं आणि माशांनी उड्या मारत वर जायचं. शिडी यंदा पुरी झाली. वीजकेंद्राचा तरुण इंजिनिअर धवल म्हणाला, "सर, या पाण्यावर वीज झाली असती. श्रावण संपेपर्यंत एक तरी मासा चढलेला दाखवा. नाहीतर शिडीच्या पाण्याची झडप बंद करावी लागेल."

शिडी रिकामीच वाहत होती. मासे घाटाशी तोंडं वासून पेढ्यांची वाट बघत होते. पंगतीत बसलेला माणूस उठून डोंगर चढतो का? जे काम धरणानं सिमेंट ओतून केलं, ते आपण नुसत्या पेढ्यांवर करून दाखवलं, हे विष्णुपंतांच्या ध्यानात आलं.

मग त्यांनी पुन्हा डोकं लढवलं. त्यांनी डोकं लढवलं की काय होतं, याचा अनुभव गाठीशी असूनही लढवलं. "देवी परत आली होती," त्यांनी पारावर सांगितलं. "म्हणाली, चातुर्मासात माझ्या माशांना उपास."

दुसऱ्या दिवशी घाटावर पातेलीच पातेली. साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचे लाडू, केळी. एकादशी आणि दुप्पट खाशी! मासे खिचडीवर तुटून पडले.

"तिखट न्हाई घातलं हां, सर," लंकाबाई कौतुकानं म्हणाली. "देवाचं पोट हाय."

विष्णुपंतांनी कपाळावर हात मारून घेतला. मराठी माणसाचा उपास म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला हवं होतं असंही नाही. त्या सकाळी ते स्वतः दोन बशा खिचडी चापून आले होते.

श्रावण सरत आला तेव्हा त्यांचा धीर सुटला. भर गर्दीत ते घाटाच्या पायरीवर उभे राहिले. "स्वप्न खोटं होतं," ते म्हणाले. "देवीबिवी कोणी आली नव्हती. माझं कोणी ऐकत नव्हतं, म्हणून मी थाप मारली."

"देवी परीक्षा बघतीया," कुणीतरी पुटपुटलं.

लंकाबाईनं पदर खोचला. आता मार बसणार, असं विष्णुपंतांना वाटलं. "मंग खरं काय हाय?" तिनं विचारलं.

"खरं एवढंच, की या मासोळ्या पोटुशा आहेत. बाळंतपणाला माहेरी निघाल्यात, वरच्या अंगाला. पोचल्या नाहीत तर पुढे या डोहात कोणी उरणार नाही. आणि मी त्यांना वाटेतच जेवायला बसवून ठेवलंय."

"आन हे आदी सांगाया काय झालं हुतं?" लंकाबाई कडाडली. "मला दोन लेकी हायेत. पोटुशी लेक घरी निघाली, तर तिला वाटंत कुनी अडवून ठेवील का? एवढं कळाया देवी कशाला लागती मदी?"

ऐन हंगामात तिनं दुकानावर ताडपत्री ओढली. पोटावर पाय येत होता, तरी ओढली. मग घाटाच्या तोंडाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याचे पुडे ती काढून घेऊ लागली. विष्णुपंतांना आपल्या सगळ्या व्याख्यानांची लाज वाटली.

श्रावण संपला त्या दिवशी धो धो पाऊस होता. धवलनं झडपेच्या चाकाला हात घातला, आणि खालून बायकांचा गलका उठला. एक मोठी मासोळी पहिल्या पायरीवर उसळली, घसरली, खाली पडली. पुन्हा उसळली. या खेपेला पायरी गाठली, मग वरची.

"जा गं बाई, जपून!" बायका ओरडत होत्या. जन्मभर तिचं लॅटिन नाव पोरांकडून घोटून घेणारे विष्णुपंतही त्यांच्याबरोबर ओरडत होते, "जपून जा गं, पोरी!" त्यांचा चष्मा पावसानं आणि डोळ्यांतल्या पाण्यानं पार भिजला होता. त्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"पोचली का? अरे, कोणी सांगा, पोचली का?"

धवलनं चाकावरचा हात काढला. "पोचली, सर," तो म्हणाला. "मागून दुसरी निघाली."