तिखटाचे हात

पंचवटीतल्या आमच्या कांडपावर मिरची घेऊन आलेल्या बाया नंबर येईपर्यंत माझ्या लेकीकडे, वेदिकाकडे बघत बसतात आणि ठरलेला प्रश्न विचारतात. एवढ्याशा पोरीला लेन्स? डोळ्याला चालतं का असं? मग मी सांगते. तिला जन्मापासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, तान्ही असतानाच ऑपरेशन झालं, डोळ्यांतलं मूळचं भिंग काढून टाकलं. नवं आत बसवायचं ते डॉक्टर ती मोठी झाल्यावर बघणार आहेत. आधी जाड चष्मा होता, तो ती ओढून फेकायची. म्हणून गेल्या वर्षापासून लेन्स. सकाळी घालायच्या, रात्री झोपण्याआधी काढायच्या. बाया हळहळतात. "किती गं बाई तुला करावं लागतं," म्हणतात. इथं मी विषय बदलते, कारण मला काहीच करावं लागत नाही. सगळं माझी जाऊ करते.

लेन्स घ्यायला गेलो तेव्हा मीसुद्धा डॉक्टरांना हेच विचारलं होतं, की इतक्या लहान मुलाला चालतील का. ते म्हणाले, "वयाचं काही नाही. गरज असेल तर तान्ह्या बाळालाही घालतो. घालणाऱ्याचे हात कसे आहेत ते महत्त्वाचं." नखं कापलेली हवीत, हात साबणानं धुऊन कोरडे केलेले हवेत, लेन्सला नळाचं पाणी लागता कामा नये, डोळा लाल दिसला तर लेन्स काढून लगेच यायचं. मी सगळं पाठ केलं. घरी पहिल्या सकाळी हात घासून घासून धुतले आणि लेन्स घातली. वेदिका अशी किंचाळली की शेजारचे धावून आले.

माझे हात तिखटाचे. वर्षानुवर्षं मिरची भाजते, निवडते, यंत्रातून काढलेला मसाला हातानं सारखा करते. ते तिखट कातडीत मुरलंय, साबणाला दाद देत नाही. आम्हाला त्याचं काही वाटत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. ती लेन्स फेकून द्यावी लागली आणि वेदिका मला डोळ्यांजवळ फिरकू देईना. तेजस्विनी, माझी धाकटी जाऊ, गल्ल्यावर बसायची. मिरचीला तिनं कधी हात लावलेला नव्हता. "मी बघू का ताई?" म्हणाली, आणि तिच्या हातून लेन्स अलगद बसली. तेव्हापासून ते काम तिचं झालं.

रोज सकाळी वेदिका माझ्या कुशीतून उठते आणि डोळे बारीक करून, भिंत चाचपत, "काकू, काकू" करत निघते. मी चहाच्या पातेल्यापुढं उभी राहून बघते. काकूच्या मांडीवर बसून ती हनुवटी वर करते. एक लेन्स, मग दुसरी. मग पापण्या मिटते, उघडते, आणि तेजस्विनीकडे बघून हसते. पोर माझी, आणि रोज पहिलं स्पष्ट तोंड तिला दिसतं ते हिचं. माझा नुसता जळफळाट होतो. तेजस्विनीनं जरा तोरा मिरवला असता तर भांडता तरी आलं असतं. पण तीही सोय नाही. ती लेन्स घालते, डबी बंद करते आणि मला विचारते, "ताई, भाजी कुठली चिरू?"

मी खोट काढायला लागले. तिची नखं बघायची, अंगठी बघायची. तपासणीला गेल्यावर डॉक्टरांना म्हटलं, लहान आहे, डोळे लाल होतात, पुन्हा चष्माच द्या. त्यांनी नीट तपासलं आणि सांगितलं की डोळे स्वच्छ आहेत, जे कोणी घालतंय त्यांचा हात फार चांगला आहे. घरी आल्यावर सासूबाईंनी मला बाजूला घेतलं.

"तुला पोरीचा डोळा चांगला राहायला पायजे, का जावेची खोड काढायला पायजे? मला नाय कळत व्हय?"

मला दोन्ही पाहिजे होतं.

लिंबू चोळून झालं, दही झालं, तेल झालं. हातमोजे घातले तर मिरची किती भाजली ते बोटांना कळेना. शेवटी ऐन चैत्रात, दाराबाहेर पोत्यांची रांग असताना, मी जाहीर केलं की आता मी गल्ल्यावर बसणार. निफाडहून माणसं तुझ्या हाताच्या चवीसाठी येतात, म्हणून सासूबाई कडाडल्या. मी म्हटलं, तेजस्विनीनंही शिकायला नको का? काही दिवस नवऱ्यानं एकट्यानं यंत्र सांभाळलं. मी रोज सकाळी बोट स्वतःच्या डोळ्याला लावून बघायचे. ज्या दिवशी झोंबलं नाही, त्याच दिवशी तेजस्विनीला मिरचीपुढं बसवलं. ती का म्हणून विचारायलाही थांबली नाही. दिवसभर शिंकली, डोळे पुसत राहिली, आणि संध्याकाळी ताकाच्या भांड्यात हात बुडवून बसली. मला वाईट वाटलं. पण तिला उठवून परत गल्ल्यावर बसवण्याइतकं नाही.

सकाळी तीच आली. "ताई, माझे हात अजून झोंबताहेत. आज तुम्ही घालता का लेन्स?"

मी हात धुतले, कोरडे केले आणि तिच्या जागेवर जाऊन बसले. वेदिका भिंत चाचपत आली. "काकू," म्हणाली. मी नुसतं उचलून मांडीवर घेतलं. तिनं हनुवटी वर केली. उजवी लेन्स एका झटक्यात बसली. तिनं पापणी मिटली, उघडली, आणि मला बघितलं.

हसली नाही. चटकन तळवा डाव्या डोळ्यावर ठेवला.

"आई, तू नको. तिखट लागतं."

मी म्हटलं, आता नाही लागत, गेलं सगळं. ती मान हलवत राहिली. मग मी हात तिच्या नाकाशी नेला. तिनं एकेक बोट हुंगलं, तळहात उलटा करून हुंगला. दारात तेजस्विनी पदरानं हात पुसत उभी होती. वेदिकानं एका डोळ्यानं आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काकूचा हात लावलास?"

तो माझाच आहे, असं सांगायला तोंड उघडलं होतं मी. पण तळवा अजून डोळ्यावरच होता.

"हो," मी म्हटलं.

तिनं तळवा काढला आणि हनुवटी वर केली.